‘नाही’वर टिक करण्याआधी

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही एडिसन, न्यू जर्सीत राहतो. धाकटा मुलगा इथेच जन्मला, आता २४ वर्षांचा आहे, कॉम्प्युटर इंजिनिअर. व्हर्जिनियातल्या एका डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरकडून त्याला ऑफर आली आहे, पण ‘सीक्रेट’ क्लिअरन्स, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची सरकारी परवानगी, मिळालं तरच नोकरी पक्की. परवा फॉर्म भरायला बसला आणि रात्री अकरा वाजता आमच्या खोलीत येऊन रडायला लागला. कॉलेजात वीड ओढायचा म्हणे, वीस-पंचवीस वेळा. डेन्व्हरच्या ट्रिपमध्ये गांजाच्या गमी खाल्ल्या. परीक्षेच्या वेळी रूममेटची अ‍ॅडरॉलची (लक्ष एकाग्र व्हायला डॉक्टर देतात ती) गोळी दोनदा घेतली. शेवटचं ओढलं ते गेल्या थर्टी फर्स्टला, म्हणजे नऊ महिने झाले. ह्यांचे एक मित्र म्हणतात, ‘सरळ नाही लिही, कोण तपासायला येतंय?’ ह्यांचंही तेच मत. मला मात्र झोप नाही. खरं लिहिलं तर पोलीस येतील का? नोकरी जाईल का? इथल्या आपल्या लोकांत बभ्रा होईल का? शिवाय माझ्या बहिणीचा मुलगा एफ-१ व्हिसावर शिकतोय, त्यानेही असंच केलंय. त्यानेही कुणी विचारलं तर खरं सांगून मोकळं व्हावं का? (एक आई, एडिसन)

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. लेकाला ‘हो’ लिहू द्या. गांजा, गमी आणि ती रूममेटची गोळी, सगळं लिहू द्या. आणि आजपासून काही म्हणजे काही घ्यायचं नाही. मित्राच्या बॅचलर पार्टीत नाही, आणि ‘इथे तर कायदेशीर आहे’ म्हणूनही नाही. भाच्याचं उत्तर अगदी वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येते. घाईत दोघांना एकच सल्ला देऊन बसू नका.

मी अठरा वर्षं मेरीलँडमध्ये एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीत फॅसिलिटी सिक्युरिटी ऑफिसर होते. नव्या मुलांचे फॉर्म माझ्या हातून पुढे जायचे. फॉर्म पुरा भरला आहे का, एवढंच बघायचा मला अधिकार होता. निर्णय सरकारचा. पण ज्या खुर्चीत बसून ही मुलं शंका विचारायची ती माझ्या टेबलासमोरच होती, आणि तेविसाव्या सेक्शनपाशी आली की त्यांचा चेहरा कसा होतो ते मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

फॉर्मचं नाव एसएफ-८६. ड्रग्जचे प्रश्न सेक्शन २३ मध्ये आहेत. गेल्या सात वर्षांत बेकायदा ड्रग घेतलं का, विकत घेतलं का, विकलं का, कुणाला आणून दिलं का, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गैरवापर केला का, असे ते एकामागून एक येतात. ‘हो’ म्हटलं की पुढे तपशील मागतात: पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, किती वेळा, पुढे घेण्याचा विचार आहे का आणि का. तारीख नेमकी आठवत नसेल तर महिना-वर्ष टाकून अंदाजाचा चौकोन टिक करता येतो. खाली टिप्पणीला जागा असते. तुमच्या लेकाला जे सांगायचं आहे त्याला या फॉर्ममध्ये पुरेशी जागा आहे. मुलं उगाच समजतात की ‘हो’ लिहिलं की कॉम्प्युटरच त्यांना बाहेर फेकेल. तसं होत नाही.

पहिली अडचण कायद्याची आहे, ती नीट समजून घ्या. न्यू जर्सीत २१ एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानातून गांजा विकत घेता येतो. रीतसर पावती मिळते, त्यावर कर लागतो. कोलोरॅडोत तर २०१४ पासून दुकानं आहेत. त्यामुळे तुमच्या मुलाला वाटू शकतं की डेन्व्हरच्या गमी कायदेशीरच होत्या, त्या कशाला लिहायच्या? पण क्लिअरन्स केंद्र सरकारचं आहे आणि सेक्शन २३ च्या सुरुवातीलाच छापलं आहे की राज्याने परवानगी दिली असली तरी इथे केंद्राचा कायदा धरायचा. म्हणून डेन्व्हरही लिहायचं.

अ‍ॅडरॉलचं तर मुलांना काही वाटतच नाही. गोळी औषधाच्या दुकानातली, डॉक्टरने लिहून दिलेली, फक्त दुसऱ्याच्या नावाची. पण त्यासाठी फॉर्मवर वेगळा प्रश्न आहे. गांजा प्रामाणिकपणे लिहून गोळी गाळणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि मुलाखतीत ‘स्टडी ड्रग कधी घेतलं का?’ असं विचारल्यावर त्यांची उडालेली तारांबळही ऐकली आहे. आणखी एक गोष्ट त्याला एकट्याला बसवून विचारा. वडील समोर असतील तर तो सांगणार नाही. मित्रांनी पैसे काढले आणि हा जाऊन माल घेऊन आला, असं कधी झालं का? मोबाईलवरून पैसे मागवले होते का? घरात याला आपण ‘आणून दिलं’ म्हणतो, पण फॉर्मच्या भाषेत ती खरेदी आणि वाटप आहे, आणि त्याचा प्रश्न निराळा आहे. असं झालं असेल तर फॉर्म पाठवण्याआधी क्लिअरन्सच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाशी तासभर बोलून घ्या. नुसत्या ओढण्यासाठी वकील लागतोच असं नाही.

आता तुमच्या यजमानांच्या मित्रांचा सल्ला. ‘कोण तपासायला येतंय?’

सांगते कोण येतं ते. आमच्याकडे एक हुशार मुलगा लागला होता. त्याने सेक्शन २३ मध्ये सगळीकडे ‘नाही’ टिक केलं. रेफरन्स म्हणून तीन नावं दिली, त्यात एक कॉलेजचा रूममेट. चौकशी करणारा बाई असो की बाप्या, त्याचं काम बोलतं करण्याचं असतं. रूममेटला बिचाऱ्याला वाटलं आपण मित्राची बाजू घेतोय. तो म्हणाला, ‘फार सरळ मुलगा आहे, सगळ्यांसारखं वीकेंडला थोडं ओढायचा, पण अभ्यासात पहिला.’ झालं. काही महिन्यांनी त्या मुलाच्या हातात कारणांचं पत्र आलं. इथे त्याला स्टेटमेंट ऑफ रीझन्स म्हणतात. त्याने ते माझ्या टेबलावर ठेवलं. त्यात दोन कलमं होती. एक गाइडलाइन एच, म्हणजे ड्रग्ज. दुसरं गाइडलाइन ई, म्हणजे वर्तणूक, फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं. वर्षभर प्रकरण चाललं. ड्रग्जचा मुद्दा त्याच्या बाजूने सुटला, जुनी गोष्ट म्हणून. खोटं लिहिल्याचा सुटला नाही. बॅज परत करायला आला तेव्हा गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळत तो मला म्हणाला, ‘इट वॉज ओन्ली वीड.’ मला काय बोलावं कळेना. कारण त्याचं खरंच होतं.

ताई, या दोन गाइडलाइन्समधला फरक हाच माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निर्णय घेणारे अधिकारी जी नियमावली वापरतात ती जून २०१७ पासून लागू आहे. तिचं नाव सीड-४, म्हणजे सिक्युरिटी एक्झिक्युटिव्ह एजंट डायरेक्टिव्ह ४. तिच्यात ए पासून एम पर्यंत तेरा गाइडलाइन्स आहेत: निष्ठा, परदेशी संबंध, पैशाचे व्यवहार, दारू, ड्रग्ज वगैरे. प्रत्येकीत आधी काळजीची कारणं दिली आहेत आणि मग ती काळजी कशाने कमी होते तेही दिलं आहे. ड्रग्जच्या गाइडलाइनमध्ये काळजी कमी करणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. घडलं ते जुनं आहे, क्वचित घडलं, किंवा ज्या परिस्थितीत घडलं ती आता राहिली नाही. माणूस कबूल करतो आहे, त्याने सोडलं आहे, ज्या मित्रांबरोबर घ्यायचा त्यांच्यापासून दूर झाला आहे. पुढे घेणार नाही आणि घेतलं तर क्लिअरन्स काढून घ्या, असं त्याने सही करून लिहून दिलं आहे. तुमच्या लेकाच्या बाबतीत यातलं बरंचसं आधीच झालं आहे, आणि उरलेलं या आठवड्यात करता येईल.

खोटेपणाच्या गाइडलाइनमध्ये अशी मोकळीक फार थोडी आहे. एक अशी की चूक उघडकीला येण्याआधी, कुणी विचारण्याआधी, माणसाने स्वतःहून लगेच दुरुस्त केली तर ती धरतात. दुसरी, वकिलाच्या किंवा ज्याचं कामच क्लिअरन्सबद्दल मार्गदर्शन करणं आहे अशा माणसाच्या चुकीच्या सल्ल्यामुळे माहिती राहून गेली असेल तर. ‘बाबांचे मित्र म्हणाले’ हे त्यात बसत नाही. ते मित्र चांगले असतील, अडीअडचणीला धावून येत असतील, पण फॉर्मखाली सही त्यांची नाही. सही तुमच्या लेकाची आहे, आणि सरकारला जाणूनबुजून खोटं सांगणं हा इथे केंद्रीय फौजदारी कायद्याच्या कलम १००१ खाली गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुम्ही विचारलंत पोलीस येतील का. गंमत बघा, भीती नेमकी उलट्या जागी बसली आहे. सेक्शन २३ मध्येच लिहिलेलं आहे की इथे दिलेली खरी उत्तरं पुढे फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही. हे संरक्षण खऱ्या उत्तराला आहे. ‘नाही’ लिहिणाऱ्याला ते मिळत नाही.

आता एक मधला मार्ग असतो, आणि मराठी घरांतली मुलं सगळ्यात जास्त त्या मार्गाने जातात. अगदीच ‘नाही’ लिहायची हिंमत होत नाही आणि ‘पंचवीस’ लिहायला हात धजत नाही. मग लिहितात ‘एकदा-दोनदा, ट्राय केलं’. हे करू देऊ नका. मुलाखत घेणारा फॉर्म समोर ठेवून शांतपणे विचारतो: ‘फर्स्ट इयरला किती वेळा? सेकंड इयरला? सुट्टीत घरी असताना?’ मुलगा मोजायला लागतो आणि दोनाचे वीस होतात, तिथेच, त्याच्या स्वतःच्या तोंडून. त्यापेक्षा ज्या मुलीची मला अजून आठवण येते तिने केलं तसं करा. माझ्या समोर बसली होती. वही उघडून तिने सेमिस्टरप्रमाणे रकाने पाडले होते. प्रत्येक सेमिस्टरखाली पेन्सिलीने उभ्या रेघा, पाच झाल्या की आडवी एक, आपण दूधवाल्याच्या हिशेबाला करायचो तशा. मला विचारलं, ‘अंदाजे तीस लिहू की काही वेळा लिहू?’ मी म्हटलं, रेघा किती आल्या? एकतीस. ‘मग अंदाजे तीस ते पस्तीस लिही.’ तिने लिहिलं. टिप्पणीच्या जागेत चार ओळी टाकल्या: कुठे, कुणाबरोबर (नावं टाकायची गरज पडली नाही), का थांबवलं, पुढे घेणार नाही. तिची मुलाखत दोन तास चालली. क्लिअरन्स यायला वेळ लागला, पण आलं. तुमच्या लेकाचंही येईलच असं मी लिहून देऊ शकत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पण अशी वही घेऊन बसलेला मुलगा निर्णय घेणाऱ्याला विचार करायला काहीतरी चांगलं देतो, एवढं नक्की.

नऊ महिने पुरेसे आहेत का, हे तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण पत्रातून ते मला दिसतंय. सीड-४ मध्ये महिन्यांचा आकडा नाही. सहा महिने झाले की पास, बारा झाले की पास, असं काही नाही. सगळा माणूस तोलतात: वय, किती वेळा, काय घेतलं, किती दिवस झाले, आता कसा राहतो. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या डीएनआय, म्हणजे राष्ट्रीय गुप्तचर यंत्रणांच्या संचालक, एव्हरिल हेन्स यांनी सगळ्या खात्यांना पत्र पाठवून स्पष्ट केलं की पूर्वी केलेला गांजाचा वापर विचारात घ्यायचा, पण केवळ तेवढ्यावरून निर्णय ठरवायचा नाही. त्याच पत्रात हेही आहे की फॉर्मवर सही झाल्यापासून पुढे अजिबात घ्यायचा नाही, हे उमेदवाराला सांगायचं. म्हणजे सहीच्या आधीचं नि सहीच्या नंतरचं यात मोठा फरक पडतो. कॉलेजातले पंचवीस वेळा एकवेळ माफ होतील, सही केल्यानंतरचा एक झुरका फार महाग पडेल. आणि क्लिअरन्स हातात असताना घेतलं तर त्याची वेगळी, जास्त गंभीर नोंद आहे. काही संस्थांचे नोकरीचे स्वतःचे आकडे असतात, उदाहरणार्थ एफबीआयला अर्जाच्या आधीचं एक वर्ष गांजा नको असतो, पण तो नोकरभरतीचा नियम आहे. तुमच्या लेकाची कंपनी निराळी, त्याचं क्लिअरन्स निराळं. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलेला आकडा उचलून शेवटची तारीख मागे सरकवू नका. थर्टी फर्स्ट तर थर्टी फर्स्ट. अख्खं जग तो दिवस फोनवर फोटो काढत असतं, आणि उघड्यावर टाकलेल्या पोस्ट बघण्याची परवानगी चौकशी करणाऱ्यांना २०१६ पासून आहे.

थर्टी फर्स्टवरून आठवलं. त्या रात्री तो ज्यांच्याबरोबर होता ते मित्र अजून आहेत का? त्याच घोळक्यात तो दर शनिवारी जातो का? हे विचारलं जाईल. मैत्री तोडून टाक असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या अपार्टमेंटवर जाण्याऐवजी बाहेर भेटायचं, समोर पेटवलं की निघून यायचं, एवढं तरी आता करायलाच हवं.

नोकरीबद्दल तुम्हाला कोरडं खरं सांगते. क्लिअरन्सचा अंतिम निर्णय व्हायच्या आधी कंपनीला बहुधा इंटरिम, म्हणजे तात्पुरतं क्लिअरन्स हवं असतं, आणि ‘हो’ लिहिल्यावर इंटरिम नाकारलं जाण्याची शक्यता वाढते. तसं झालं तर कंपनी थांबेलच असं नाही. काही कंपन्या मुलाला क्लिअरन्स न लागणाऱ्या कामावर बसवतात, काही ऑफर मागे घेतात. हे होऊ शकतं. पण ऑफर गेली तर एक ऑफर गेली. खोटेपणाचा शिक्का बसला तर तो पुढच्या प्रत्येक फॉर्मवर त्याच्या मागे येईल, कारण ‘याआधी क्लिअरन्स नाकारलं गेलं का?’ हा प्रश्नही त्या फॉर्ममध्ये आहेच. आणि समजा कारणांचं पत्र आलंच, तरी तो शेवट नसतो. कॉन्ट्रॅक्टरच्या लोकांची प्रकरणं डोहा नावाच्या, संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपिलांच्या कार्यालयाकडे जातात. लेखी उत्तराला वीस दिवस असतात, न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, साक्षीदार नेता येतात. तेव्हा मात्र वकील करा, घरच्या घरी उत्तर लिहू नका. सगळं हरलं तरी एका वर्षानंतर पुन्हा अर्ज करता येतो.

बभ्रा होईल का? गणपतीला, दिवाळीला भेटणाऱ्या कुणालाही या फॉर्ममधली एक ओळही दिसणार नाही. सरकारी नोंदींच्या गोपनीयतेचा १९७४ चा कायदा आहे. ‘सीक्रेट’साठी बहुतेक काम नोंदी तपासून होतं, आणि कुणाला भेटायला गेलेच तर चौकशी करणारा प्रश्न विचारतो, तुमच्या मुलाने काय लिहिलं ते सांगत फिरत नाही. शेजाऱ्यांना फार तर एवढं कळेल की पोरगा सरकारी कामाच्या नोकरीला लागतोय. आणि ताई, मनापासून सांगते, रात्री अकरा वाजता आईवडिलांच्या खोलीत येऊन रडणारा मुलगा तुमच्याकडे विश्वासाने आला आहे. त्याला ‘आता तूच निस्तर’ म्हणू नका आणि ‘आम्ही सांगतो तसं खोटं लिही’ असंही म्हणू नका. यजमानांना हे उत्तर वाचायला द्या. त्यांना मुलाची काळजी आहे म्हणूनच ते तसं बोलले, पण या एका बाबतीत त्यांचं ऐकलं तर नुकसान मुलाचं होईल.

आपल्या घरांतल्या दोन गोष्टी. पहिली भांग. तुमचा लेक होळी-रंगपंचमीला पुण्या-मुंबईकडे आला असेल आणि चुलत-मावस भावंडांनी थंडाईचा ग्लास हातात दिला असेल, तर तेही आठवायला सांगा. भारतातल्या अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात भांगेची नुसती पानं गांजाच्या व्याख्येत धरलेली नाहीत, पण अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात त्या झाडाची पानं धरली आहेत. परदेशात, सणाला, घरच्यांसमोर प्यायलेल्या भांगेला बेकायदा वापर म्हणायचं का, यावर वकील वाद घालतील. मी टिप्पणीच्या जागेत एक ओळ लिहायला सांगायची: अमुक वर्षी, सणाला, एकदा. ती ओळ लिहिल्याने कुणाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

दुसरी खसखस. हसू नका. १७ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सैनिकांसाठी पत्रक काढलं की खसखस कुठल्याही रूपात खाऊ नका, कारण काही खसखशीत कोडीनचं प्रमाण इतकं असू शकतं की लघवीची तपासणी पॉझिटिव्ह येईल. ते पत्रक सैनिकांसाठी होतं, तुमचा लेक सिव्हिलियन आहे, आणि अशा निकालावर डॉक्टरकडून फेरतपासणी होते. तरी नोकरीआधीची टेस्ट दिवाळीच्या आसपास आली तर त्याला अनारसे पाठवू नका. खसखशीची खीर नको, खसखस घातलेलं वाटण नको. चकल्या पाठवा. तसंच पेट्रोल पंपावर आणि कोपऱ्यावरच्या दुकानात सीबीडी, डेल्टा-८ (गांजाच्याच जातीच्या झाडातले पदार्थ) म्हणून ज्या गमी मिळतात त्यांनाही हात लावायचा नाही. पाकिटावर छापलेलं आत असेलच याची खात्री नसते, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर पाकीट दाखवून उपयोग होत नाही.

आता तुमचा भाचा. ताई, त्याच्याबाबत फार सावध राहा. वर जे मी लिहिलं ते अमेरिकन नागरिकासाठी आहे. क्लिअरन्स मुळात नागरिकांनाच मिळतं, त्यामुळे भाच्यासमोर तो फॉर्म येणारच नाही. त्याच्यासमोर येतील ते इमिग्रेशनचे अधिकारी, आणि तिथला कायदा फार कडक आहे. शिक्षा झालेली नसतानाही, नुसत्या कबुलीवरून व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारलं जाऊ शकतं. राज्यात गांजा कायदेशीर आहे, हे तिथे चालत नाही. नागरिकत्वाच्या अर्जातही राज्याच्या परवानगीचा आधार घेता येत नाही, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये आपल्या नियमावलीत स्पष्टपणे घातलं. अशा दुकानात नोकरी करणंसुद्धा अडचणीचं ठरतं. म्हणून त्याने खोटं बोलायचं नाहीच, तो आणखी मोठा खड्डा आहे. पण विमानतळावर, वकिलातीत किंवा कुठल्याही फॉर्मवर अशा प्रश्नाला उत्तर देण्याआधी त्याने इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावं. आजच भेटावं, भारतात जायचं तिकीट काढण्याआधी. आणि आता ओढणं बंद. इन्स्टाग्रामवरचे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे ते विनोदही बंद. सीमेवर फोन उघडून बघू शकतात. बहिणीला हे फोनवर सविस्तर सांगा, पण मेसेजमध्ये लिहून पाठवू नका.

राहिलं तुमचं काम. लेक सेक्शन २३ भरत असताना तुम्ही त्याच्या मागे उभ्या राहू नका, ते त्याचं त्यालाच भरू द्या. तुमच्यासाठी त्या फॉर्ममध्ये दुसरा भाग आहे, आणि तो त्याला एकट्याला जमणार नाही. आईवडिलांचा जन्म कुठला, तुमच्या दोघांच्या नॅचरलायझेशन (नागरिकत्वाच्या) सर्टिफिकेटचे नंबर, तारखा, कुठल्या कोर्टात शपथ घेतली, हे सगळं मागतात. ती सर्टिफिकेटं बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर या शनिवारी काढून आणा. मग भारतातली माणसं. ज्यांच्याशी त्याचा जिव्हाळा आहे, ज्यांच्याशी तो नियमित बोलतो, त्या सगळ्यांची नावं, पत्ते, नोकरीधंदा, शेवटचं बोलणं कधी झालं. आजी असेल, मामा असेल, लहानपणी सुट्टीत ज्यांच्याकडे राहायचा ती आत्या असेल. शिवाय सात वर्षांतला प्रत्येक परदेश प्रवास, गेल्या-आल्याच्या तारखांसकट. जुने पासपोर्ट शोधा, शिक्के वाचा. आजीशी दर रविवारी व्हिडिओ कॉल होत असेल तर ‘आठवड्यातून एकदा’ असंच लिहायचं, ‘कधीतरी’ नाही. मामा सरकारी नोकरीत असेल तर तेही लिहायचं. आज रात्री भारतात सकाळ झाली की भावाला फोन करा आणि त्याच्या घराचा पूर्ण पत्ता पिनकोडसकट लिहून घ्या.